संध्याकाळी सातचा फोन : बर्लिन, २० जुलै १९४४

मेजर ओटो एर्न्स्ट रेमर तेव्हा एकतीस वर्षांचा होता. आघाडीवर अनेकदा जखमी झालेला आणि शौर्यासाठी हिटलरच्या हातून मानचिन्ह घेतलेला हा अधिकारी. १९४४च्या उन्हाळ्यात बर्लिनमधली 'ग्रोसडॉइचलंड' रक्षक बटालियन त्याच्या हाताखाली होती. हिटलरला मारून सत्ता ताब्यात घ्यायचा लष्करी अधिकाऱ्यांचा कट २० जुलैला फसला. त्याची कारणं अनेक आहेत, पण बाजी नेमकी कुठे पालटली हे शोधायला गेलं की रेमरपाशीच येऊन थांबावं लागतं.

सकाळी ७ : राखीव सेनेचा चीफ ऑफ स्टाफ कर्नल क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग बर्लिनहून विमानाने पूर्व प्रशियातल्या हिटलरच्या मुख्यालयाकडे निघतो. ट्युनिशियाच्या लढाईत त्याने उजवा हात, डाव्या हाताची दोन बोटं आणि डावा डोळा गमावलाय. सोबत सहायक व्हेर्नर फॉन हेफ्टन आणि स्फोटकांचे दोन गठ्ठे.

दुपारी १२.३० : मुसोलिनी येणार म्हणून बैठक अलीकडे ओढली आहे. शर्ट बदलण्याच्या निमित्ताने श्टाउफेनबर्ग एका खोलीत शिरतो. उरलेल्या तीन बोटांत पकड धरून तो फ्यूजमधली आम्लाची कुपी फोडतो. तेवढ्यात दाराशी बोलावणं येतं. दुसरा गठ्ठा सज्ज करायला वेळच मिळत नाही आणि तो बॅगेत न जाता मागेच राहतो. बॉम्बची ताकद तिथेच निम्मी होते. बॅग बैठकीच्या खोलीत ठेवून तो बाहेर पडतो.

१२.४२ : स्फोट. खोलीत चोवीस माणसं, मधे ओकचं जाडजूड टेबल, खिडक्या सताड उघड्या. चार जणांचा जीव जातो. हिटलरच्या कानांचे पडदे फाटतात, विजारीच्या चिंध्या होतात, पण तो वाचतो. श्टाउफेनबर्गला वाटतं, काम झालं. तो विमानाकडे धावतो.

दुपारी १ ते ४ : याच तीन तासांत कटाचा कणा मोडतो. हिटलर जिवंत असल्याची कुणकुण बर्लिनमधल्या साथीदारांना लागते आणि ते हातपाय हलवायला कचरतात. श्टाउफेनबर्ग परत येईपर्यंत राजधानी जागच्या जागी असते.

दुपारी ४ नंतर : 'व्हॅल्किरी'चे आदेश सुटू लागतात. देशात बंडाळी झाली तर ती मोडण्यासाठी आखलेली ही योजना हिटलरनेच मंजूर केलेली. कटवाल्यांनी तीच त्याच्या राजवटीविरुद्ध फिरवली आहे. बर्लिनचा लष्करी कमांडंट जनरल पाउल फॉन हाझे रेमरला सांगतो : सरकारी भाग वेढा, कुणाला आत-बाहेर जाऊ देऊ नका. हाझे कटात सामील आहे आणि रेमरला त्याचा पत्ता नाही. वरिष्ठाचा हुकूम म्हणून तो कामाला लागतो.

संध्याकाळी ६.३०च्या सुमारास : नाकेबंदी पूर्ण होते. त्याच सुमाराला रेडिओवरून निवेदन येतं : फ्यूररवर हल्ला झाला, ते सुखरूप आहेत. कटवाल्यांनी ना प्रसारण ताब्यात घेतलंय, ना प्रचारमंत्री गोबेल्सच्या घराचे फोन तोडलेत. इकडे रेमरचा सहकारी लेफ्टनंट हान्स हागेन आधीच गोबेल्सला गाठून आपला संशय बोलून आलाय.

संध्याकाळी ७ : गोबेल्सला अटक करण्याचा हुकूम हाती असलेला रेमर त्याच्या घरात उभा आहे. गोबेल्स वाद घालत बसत नाही. तो हिटलरला फोन लावतो आणि रिसीव्हर मेजरच्या हातात देतो. माझा आवाज ओळखतोस का, असं पलीकडून विचारलं जातं. रेमर ओळखतो. बंड मोडण्याचे अधिकार त्याला तिथल्या तिथे मिळतात आणि मधली पायरी गाळून तो थेट कर्नल होतो. ज्या शिपायांनी राजवटीला वेढा घातला होता, तेच आता कटवाल्यांवर उलटतात.

रात्री ११ : बेंडलरब्लॉक या लष्करी कचेरीत हिटलरनिष्ठ अधिकारी कटवाल्यांना पकडतात. झटापटीत श्टाउफेनबर्गला गोळी लागते.

मध्यरात्रीनंतर : अंगणात मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात श्टाउफेनबर्ग आणि कटातले त्याचे साथीदार ओल्ब्रिख्ट, मेर्ट्झ फॉन क्विर्नहाइम व हेफ्टन यांना गोळ्या घातल्या जातात. गोळ्या झाडणारी तुकडी रेमरच्याच बटालियनची.

रात्री १ : हिटलर रेडिओवर बोलतो. कट संपला.

खरा अनर्थ यानंतरचा. ८ ऑगस्टला हाझेला फासावर चढवलं. कटाच्या सूडात सुमारे दोनशे माणसं मारली गेली. ॲम्स्टरडॅममध्ये दडून बसलेल्या ॲन फ्रँकने २१ जुलैला डायरीत या हल्ल्याची बातमी मोठ्या आशेने लिहिली होती. ४ ऑगस्टला ती पकडली गेली. ऑगस्टमध्येच वूच घेट्टोतल्या ज्यूंना ऑशविट्झला नेलं जाऊ लागलं. युद्ध आणखी साडेनऊ महिने चाललं आणि त्या काळात जितके जर्मन मेले, तितके आधीच्या जवळजवळ पाच वर्षांतही मेले नव्हते. सगळा दोष एका मेजरच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. हिटलर जिवंत असताना कट यशस्वी झालाच असता, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग रेमरला जाब कशाचा विचारायचा? त्याच्या पुढच्या आयुष्याचा.

जानेवारी १९४५ : तो मेजर जनरल होतो. पुढे अमेरिकनांच्या कैदेत राहून १९४७ला सुटतो.

१९४९ ते १९५१ : नाझी विचारांचा वारसा सांगणारी 'सोशलिस्ट राइश पार्टी' उभारण्यात तो पुढे असतो. १९५१ला लोअर सॅक्सनीच्या निवडणुकीत पक्षाला ११ टक्के मतं पडतात. व्यासपीठावरून रेमर कटवाल्यांना परदेशांचे पगारी देशद्रोही ठरवतो.

मार्च १९५२ : ब्राउनश्वाइगच्या कोर्टात त्याच्यावर बदनामीचा खटला उभा राहतो. सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर ज्यू आहे, १९३३ला नाझींच्या कैदेत राहिलेला. श्टुटगार्टला श्टाउफेनबर्ग शिकला त्याच शाळेचा तो विद्यार्थी. त्याचा मुद्दा सरळ आहे : जे राज्यच अन्यायाचं, त्याच्याशी द्रोह होऊच शकत नाही. १५ मार्चला रेमरला तीन महिन्यांची शिक्षा होते. ती न भोगता तो इजिप्तला पळतो. त्याच वर्षी त्याच्या पक्षावर बंदी येते.

१९९२ ते १९९७ : ज्यूंचा संहार झालाच नाही, असा प्रचार केल्याबद्दल त्याला बावीस महिन्यांची कैद सुनावली जाते. तो स्पेनला पळतो. स्पेन त्याला परत पाठवत नाही. ४ ऑक्टोबर १९९७ला तो मार्बेयात मरतो.

मी फक्त शपथ पाळली, हुकूम पाळला, असं रेमर आयुष्यभर म्हणत राहिला. २० जुलैपुरतं ते कुणी मानलंही असतं, कारण त्या संध्याकाळी त्याच्यापुढे दोन हुकूम होते आणि विचार करायला काही मिनिटं. पण १९४५नंतर त्याला हुकूम देणारं कुणी उरलं नव्हतं. विचार करायला बावन्न वर्षं मिळाली, पुरावे जगापुढे आले, कोर्टाने निकालही दिला. तरीही त्याने तीच बाजू धरली. म्हणून माझ्या लेखी रेमर आज्ञेत अडकलेला सैनिक नाही. कुणाच्या बाजूने उभं राहायचं हे त्याने स्वतः ठरवलं होतं, आणि त्या निवडीचं ओझं त्याच्याच खांद्यावर राहिलं पाहिजे.