हिर्श संगीतसंग्रह : एका खासगी ग्रंथालयाचे स्थलांतर

लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीमध्ये 'हिर्श' या नावाने जतन केलेला संगीतविषयक संग्रह हा विसाव्या शतकातील एका व्यक्तीने उभारलेल्या सर्वांत महत्त्वाच्या संगीतग्रंथालयांपैकी एक मानला जातो. छापील स्वरलिप्या आणि संगीतशास्त्रावरील ग्रंथ मिळून त्यात सुमारे २०,००० नग आहेत. जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे जन्मलेला हा संग्रह १९३६ मध्ये आपल्या मालकासह देशोधडीला लागला. मात्र तो फुटला नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य होय.

संग्राहक पॉल हिर्श (१८८१-१९५१) हे फ्रँकफर्टमधील ज्यू उद्योजक आणि हौशी वादक होते. तरुणपणीच त्यांनी ग्रंथ जमविण्यास आरंभ केला. मोझार्टच्या रचनांच्या आद्य आवृत्त्या हा त्यांच्या विशेष आस्थेचा विषय होता. संग्रह कपाटात बंद न ठेवता त्यांनी १९०९ पासून तो अभ्यासकांसाठी खुला केला. १९२२ मध्ये संगीतशास्त्रज्ञ काथी मायर यांच्याकडे ग्रंथपालपद सोपविण्यात आले. त्याच वर्षापासून दुर्मीळ ग्रंथांच्या पुनर्मुद्रणाची मालिकाही सुरू झाली.

भारतीय संगीताची परंपरा मुख्यत्वे गुरुमुखातून चालत आली. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र रचनाकाराचा हेतू कागदावरील स्वरलिपीतून पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचतो. रचनाकाराचे हस्तलिखित हरवले असल्यास पहिली छापील आवृत्ती हाच मूळ पाठाचा निकटचा पुरावा ठरतो. त्या काळी स्वरलिपी धातूच्या पत्र्यांवर कोरून छापली जात असे आणि पुढील छपाईच्या वेळी त्याच पत्र्यांवर गाजावाजा न करता फेरफार केले जात. त्यामुळे एकाच रचनेच्या निरनिराळ्या प्रती शेजारीशेजारी ठेवून पाहिल्याखेरीज मूळ पाठ निश्चित करता येत नाही. असा संग्रह लिलावात विखुरला, तर प्रत्येक प्रत शाबूत राहूनही तुलनेची ही सोय कायमची नाहीशी होते.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर ज्यू नागरिकांचे व्यवसाय आणि सार्वजनिक जीवन यांवर निर्बंध येऊ लागले. १९३६ मध्ये हिर्श कुटुंबाने इंग्लंडमधील केंब्रिज गाठले. ग्रंथालयही जर्मनीबाहेर काढण्यात आले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते ठेवून घेतले. हा निर्णय किती वेळेवर झाला, हे पुढील घटनांवरून दिसून येते. हार्पसिकॉर्डवादक वांडा लांडोव्स्का यांचा पॅरिसनजीकचा वाद्यांचा व ग्रंथांचा संग्रह १९४० मध्ये नाझी पथकाने लुटून नेला. फ्रँकफर्टचे जुने शहर १९४४ च्या बॉम्बवर्षावात बेचिराख झाले.

या प्रवासाची साक्ष संग्रहाची चार खंडांची छापील सूची देते. संगीतशास्त्रावरील ग्रंथांचा पहिला खंड १९२८ मध्ये आणि संगीतिकांच्या स्वरलिप्यांचा दुसरा खंड १९३० मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. वाद्यसंगीत व गायनाच्या रचनांचा तिसरा खंड १९३६ मध्ये, म्हणजे स्थलांतराच्याच वर्षी, फ्रँकफर्ट येथे निघाला. आद्य आवृत्त्यांचा समावेश असलेला चौथा खंड १९४७ मध्ये केंब्रिज येथून प्रकाशित झाला. सूचीवर हिर्श यांच्यासमवेत ज्यांचे नाव आहे, त्या काथी मायर यांनाही जर्मनी सोडावी लागली. फ्रान्समार्गे त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या. पुनर्मुद्रण मालिकेचा बारावा आणि अखेरचा खंड, मोझार्टच्या १० चतुर्वाद्य रचना, १९४५ मध्ये लंडनहून निघाला. त्याचे संपादक आल्फ्रेड आइनस्टाइन हेही निर्वासितच होते.

युद्धोत्तर काळात १९४६ मध्ये ब्रिटिश म्युझियमने संपूर्ण संग्रह १,२०,००० पौंडांना विकत घेतला. १९४१ च्या हवाई हल्ल्यात या संस्थेची स्वतःची सुमारे अडीच लाख पुस्तके नष्ट झाली होती, ही बाबही येथे लक्षणीय आहे. पुढे १९७३ मध्ये म्युझियमच्या ग्रंथालय विभागातून ब्रिटिश लायब्ररी स्थापन झाली आणि संग्रह तिच्याकडे आला.

हिर्श यांचे १९५१ मध्ये केंब्रिज येथे निधन झाले. ग्रंथांच्या स्थानांकात आजही त्यांचे नाव आणि त्यापुढे सूचीच्या खंडाचा रोमन क्रमांक असतो. त्यामुळे फ्रँकफर्टमध्ये लावलेला क्रम लंडनच्या कपाटांतही टिकून आहे.