छोटा हत्ती जमिनीला टेकवता येतो का? लोअर केलेल्या मिनी ट्रकचा छंद, त्याचं तंत्र आणि आपल्याकडचा कायदा

देहूरोडहून तळवडेमार्गे चाकण एमआयडीसीकडे निघालात, तर सकाळच्या ट्रॅफिकमध्ये समोरच्या टेम्पोंची मागची बाजू नीट बघा. रिकामा पिकअप असेल तर त्याचा हौदा मागून वर उचललेला दिसतो, गाडी पुढे वाकून काहीतरी शोधत असल्यासारखी. कारण सोपं आहे. मालकानं मागच्या चाकांवर दोन-तीन जादा पाटे चढवलेले असतात, म्हणजे माल भरल्यावर गाडी बसू नये.

आता याच्या बरोबर उलटा प्रकार डोळ्यांसमोर आणा. तोच छोटा ट्रक, पण इतका खाली आणलेला की दाराची खालची कड जमिनीला टेकली आहे आणि अर्धं चाक मडगार्डच्या आत गेलंय. सोशल मीडियावर अमेरिका, जपान किंवा थायलंडचे असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. या छंदाला 'मिनी ट्रकिंग' म्हणतात. व्हिडिओखाली आपल्याकडच्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: भावा, हे एसवर होईल का?

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी कोंबडीपासून सुरुवात करावी लागेल.

कोंबडीवरचं भांडण आणि स्वस्त ट्रक

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली स्वस्त कोंबडी युरोपात मोठ्या प्रमाणावर जायला लागली. पश्चिम जर्मनी, फ्रान्स वगैरे देशांनी तिच्यावर जकात वाढवली. बदला म्हणून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी युरोपातून येणाऱ्या काही वस्तूंवर कर लावला. त्यात बटाट्याचं स्टार्च होतं, ब्रँडी होती आणि हलके ट्रकही होते. १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लागला. बाकीच्या वस्तूंवरचा कर पुढे निघाला, ट्रकवरचा राहिला. त्याला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात.

निशाणा जर्मन फोक्सवॅगनवर होता, पण तो जपान्यांनाही लागला. त्यांनी त्यातून वाट काढली. पूर्ण ट्रक पाठवण्याऐवजी फक्त केबिन आणि चासी पाठवायची आणि हौदा अमेरिकेत उतरल्यावर बसवायचा. अशा अर्धवट गाडीवर कर होता फक्त ४ टक्के. १९८० मध्ये ही पळवाट बंद होईपर्यंत डॅटसन, टोयोटा, इसुझू, माझदा यांचे छोटे ट्रक अमेरिकेत भरपूर विकले गेले. इसुझूचा ट्रक शेव्हरोलेच्या नावानं आणि माझदाचा फोर्डच्या नावानंसुद्धा विकला जात होता.

हे ट्रक स्वस्त, साधे आणि कमी पेट्रोल पिणारे होते. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कॉलेजच्या पोरांना तेच परवडायचे. आणि तिथं गाडी खाली आणण्याची परंपरा आधीपासून होती. मेक्सिकन वंशाच्या वस्त्यांमध्ये जुन्या अमेरिकन कार जमिनीलगत आणून सावकाश मिरवायची पद्धत, म्हणजे 'लोरायडर', दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात रुजली होती.

सरकारला हे आवडलं नव्हतं. कॅलिफोर्नियानं १९५८ पासून नियम केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. मग रॉन अगीरे या तरुणानं १९५९ च्या सुमाराला आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप जोडले. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की खाली. एका नियमामुळे जन्माला आलेलं हे तंत्र पुढे या छंदाची ओळखच बनलं. १९८० च्या दशकात मिनी ट्रकवाल्यांनी हायड्रॉलिकवर अख्खा हौदा नाचवायला सुरुवात केली आणि पुढे हायड्रॉलिकची जागा बऱ्याच ठिकाणी हवेच्या फुग्यांनी घेतली.

आपला मिनी ट्रक वेगळा आहे

अमेरिकेतला 'मिनी ट्रक' म्हणजे साधारण टोयोटा हायलक्सच्या जातीची गाडी. ती तिथं 'मिनी' ठरली, कारण बाकीचे ट्रक अवाढव्य होते. हीच हायलक्स भारतात २०२२ मध्ये आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत जवळपास ३४ लाख होती. तिकडे गरीब पोरांचा छंद ज्या गाडीवर सुरू झाला, ती इकडे चिंचवडच्या बिल्डरची गाडी आहे.

आपला मिनी ट्रक म्हणजे टाटा एस. २००५ मध्ये आला, सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत होती. गिरीश वाघ यांच्या टीमनं तो पुण्यात घडवला. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद १६ हॉर्सपॉवर, चाकं १२ इंची. तीनचाकी टेम्पोवाल्याला चारचाकीवर आणायचं हा त्यामागचा विचार होता. (जाता जाता: 'टेम्पो' हा शब्दही आपल्याच पट्ट्यातून देशभर गेला. हॅम्बुर्गच्या एका कंपनीचा हा ब्रँड. तिच्याशी करार करून बजाज टेम्पो सुरू झाली, आकुर्डीची ती कंपनी आता फोर्स मोटर्स नावानं ओळखली जाते.)

थोडक्यात, तिकडचा मिनी ट्रक कॉलेजला जायला आणि मिरवायला होता. इकडचा मिनी ट्रक घर चालवतो, आणि तो बहुतेक वेळा हप्त्यावर घेतलेला असतो. फरक इथूनच पडतो.

गाडी खाली आणतात कशी?

सगळ्यात सोपी पद्धत मागच्या पाट्यांची. बऱ्याच पिकअपमध्ये एक्सल पाट्याच्या खाली बांधलेला असतो. तो काढून पाट्याच्या वर बसवला की एक्सल आणि पाट्याच्या जाडीएवढी चासी खाली येते. याला 'फ्लिप' म्हणतात. एक्सल आधीच पाट्याच्या वर असेल तर दोघांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालतात.

पण चासी खाली आली की एक्सल तिला खालून धडकायला लागतो. म्हणून एक्सलच्या वर चासीचा तुकडा इंग्रजी 'सी'च्या आकारात कापून तिथं मजबुतीची पट्टी वेल्ड करतात. इथपर्यंत आलात की तुम्ही गाडीच्या कण्याला गॅस कटर लावलाय हे लक्षात ठेवा.

पुढची बाजू त्या जपानी ट्रकमध्ये तुलनेनं सोपी होती. अनेकांना पुढे टॉर्शन बार होते, म्हणजे पिळल्यावर स्प्रिंगचं काम करणारी सळई. तिचा बोल्ट सैल केला की नाक खाली. एसला मात्र पुढेही सरळ एक्सल आणि पाटेच आहेत. बोल्ट फिरवून काम होत नाही. पुढचा एक्सल हलवायचा म्हणजे स्टिअरिंगचे दांडेही हलवायचे, आणि ते चुकलं तर खड्ड्यात गेल्यावर स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढतं.

खर्चिक पद्धत हवेच्या फुग्यांची. पाटे किंवा स्प्रिंग काढून रबरी एअर बॅग, एक कॉम्प्रेसर, हवेची टाकी आणि व्हॉल्व्ह बसवायचे. बटण दाबलं की उभी गाडी जमिनीला टेकते आणि चालवताना पुन्हा वर येते. तिथले जाणते लोक हीच पद्धत पसंत करतात.

सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे कॉईल स्प्रिंग कापणं किंवा गॅसनं तापवून बसवणं. तापवल्यानं पोलादाचा कस जातो. अशी स्प्रिंग कधी तुटेल ते सांगता येत नाही.

गतिरोधकाचं गणित

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. एसच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.१ मीटर आहे. गाडी बरोबर मध्यावर आली की चारही चाकं गतिरोधकाच्या उतारावरच असतात. हिशोब केला तर पोटाखालची फक्त ३.२ सेंटिमीटर जागा जाते. लांब पिकअपचं हे अंतर ३ मीटर धरलं तर साडेसहा सेंटिमीटर.

समजा, गाडीच्या पोटाखाली, म्हणजे सायलेन्सर आणि डिझेल टाकीच्या खाली, २० सेंटिमीटर जागा आहे आणि तुम्ही गाडी १२ नं खाली आणली. राहिली ८. नियमातल्या गतिरोधकावरून गाडी निघून जाईल.

पण नियमातला गतिरोधक आहे कुठे? सोसायटीच्या गेटबाहेर रातोरात डांबराचा अरुंद उंचवटा टाकला जातो. तो एक मीटरही रुंद नसतो, त्यामुळे पुढची चाकं उतरलेली असतात आणि मागची चढलेली नसतात. तो पूर्ण १० सेंटिमीटर पोटात शिरतो. ८ मधून १० जात नाहीत. त्यात मागे माल असेल तर विचारूच नका.

न दिसणारा धोका ब्रेकचा

बोलताना सगळे सस्पेन्शनवर बोलतात, ब्रेकवर कोणी बोलत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला एक व्हॉल्व्ह असतो, तो चासी आणि एक्सलमधलं अंतर ओळखतो. अंतर कमी झालं म्हणजे गाडीत माल आहे असं समजून तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. लोअर केलेल्या गाडीत हे अंतर कायमच कमी असतं. व्हॉल्व्ह फसतो, रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होतात आणि पावसाळ्यात गाडी घसरून फिरते.

पाटे वाढवलेल्या गाडीत हेच उलटं होतं. माल भरलेला असतो, पण गाडी वर असल्यानं व्हॉल्व्हला वाटतं ती रिकामी आहे. मागचा ब्रेक हवा तेव्हाच कमी लागतो. देहूरोडच्या रस्त्यावर आपल्यासाठी खरा विषय हा आहे. लोअर केलेला ट्रक इथं क्वचितच दिसेल, जादा पाट्यांचा रोज दिसतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं ठरवलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकानं करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच अधोरेखित केलं. राज्याच्या नियमांचा आधार घेऊन गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द महत्त्वाचे आहेत.

याशिवाय मालवाहू गाडीचं पासिंग असतं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. चासी कापलेली गाडी तिथं अडकली की धंदा बंद, हप्ता मात्र सुरू. अपघात झाला आणि न कळवलेला बदल सापडला, तर विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं.

रंग बदलणं, मंजूर सीएनजी किट बसवणं, दिव्यांग चालकासाठी गाडीत बदल करणं यांना वाट आहे, पण आरटीओकडे नोंद करून. पिंपरी-चिंचवडसाठी ते काम एमएच-१४ च्या कार्यालयात होतं. लोअरिंग किटला कायदेशीर करायचं तर ते आधी एआरएआय किंवा भोसरीच्या सीआयआरटीसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागेल. या दोन्ही संस्था आपल्या दारातच आहेत. पण एका हौशी माणसानं एका गाडीसाठी हा खर्च करणं व्यवहारात बसत नाही, हे सरळ सांगितलेलं बरं.

मग हौस कुठे जाते?

रंगात, नावात, दिव्यांत. केबिनवरचं 'आई-बाबांची कृपा', फाळक्यावरचा वाघ, आतली झालर, स्टिअरिंगचं कव्हर. रस्त्यावर याला सहसा कोणी अडवत नाही, आणि माझ्या मते चांगल्या पेंटरच्या हातचा फाळका कुठल्याही जपानी ट्रकच्या तोडीचा असतो. जपानमध्ये दिव्यांनी मढवलेल्या ट्रकांची 'देकोतोरा' नावाची मोठी परंपरा आहे. तीसुद्धा १९७५ पासून आलेल्या ट्रक ड्रायव्हरांवरच्या सिनेमांमुळे फोफावली. तिथले आणि इथले ड्रायव्हर एकमेकांना न भेटता एकाच वाटेनं गेलेत.

दुसरी वाट गणपतीत दिसते. पिकअपच्या हौद्याबाहेर लोखंडी सांगाडे काढून उभी केलेली डीजेची भिंत. गाडीच्या मूळ मापाबाहेर गेलेला हा सांगाडाही कायद्याच्या नजरेत बदलच आहे, आणि कारवाई होते तेव्हा आवाजाचा दंड वेगळा लागतो.

लोअर ट्रकचीच ओढ असेल तर आओशिमासारख्या जपानी कंपन्यांची १:२४ मापाची प्लास्टिकची किट मिळतात. हसू नका, सस्पेन्शन कसं जोडलं जातं हे त्यातून बऱ्यापैकी कळतं.

आणि तुम्ही जुना पिकअप घ्यायला निघाला असाल तर गाडीखाली वाकून बघाच. मागच्या पाट्यांची संख्या डाव्या-उजव्या बाजूला सारखी आहे का आणि कंपनीच्या मापाप्रमाणे आहे का? एक्सलच्या वर चासीवर नवीन वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसतोय का? ब्रेकच्या त्या व्हॉल्व्हचा दांडा जागेवर आहे की तारेनं बांधलाय? आरसीवरचा रंग आणि रिकाम्या गाडीचं वजन जुळतं का? वजन काट्यावर गाडी न्यायला फारसे पैसे लागत नाहीत. पहिल्या मालकाची हौस दुसऱ्याच्या पासिंगला आडवी येते, तेव्हा आधीचा मालक फोन उचलेलच असं नाही.