लॉग संकलक

लॉग संकलक किंवा लॉग कलेक्टर ही संगणकांवर आपोआप लिहिल्या जाणाऱ्या नोंदी गोळा करून त्या दुसऱ्या ठिकाणी, बहुधा क्लाउड सेवेकडे, पाठवणारी संगणकप्रणाली होय. सर्व्हर, राउटर, फायरवॉल, संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणाली हे सारे आपापल्या कामाची नोंद सतत ठेवत असतात: कोणी कधी प्रवेश केला, कोणती फाइल उघडली, कोठे चूक झाली. या नोंदी त्याच यंत्रावर राहिल्या तर यंत्र बिघडताच त्याही नष्ट होऊ शकतात. आणि घुसखोर आत शिरलाच, तर पाऊलखुणा पुसण्यासाठी तो प्रथम त्यांनाच हात घालतो. म्हणून नोंद लिहिली जाताच ती यंत्राबाहेर नेणे हे संकलकाचे मुख्य प्रयोजन आहे.

संज्ञा

इंग्रजीत 'लॉग' म्हणजे लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडी तुकडा समुद्रात सोडत आणि आलेले माप वहीत उतरवत. त्या वहीवरून हा शब्द पुढे सर्वच क्रमवार नोंदींना लागला. मराठीत 'नोंदवही' हा शब्द चालतो, परंतु व्यापारी हिशेबातील 'रोजकीर्द' अर्थाने अधिक जवळचा म्हणावा लागेल. रोजकीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने उतरवतात आणि मग खतावणीत ते खातेवार लावतात. यंत्रावरील लॉग ही रोजकीर्द, तर क्लाउडमध्ये शोधासाठी लावलेली सूची ही खतावणी. वापरात मात्र 'लॉग' हाच शब्द रुळला आहे.

इतिहास

१९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपालप्रणालीसाठी सिसलॉग तयार केले. त्याचे सध्याचे प्रमाण २००९ मध्ये आरएफसी ५४२४ या नावाने निश्चित झाले. त्यात नोंदीची तीव्रता ० ते ७ अशा आठ पायऱ्यांत सांगतात. ० म्हणजे आणीबाणी आणि ७ म्हणजे केवळ दुरुस्तीसाठीचा तपशील. पुढे सिसलॉग-एनजी, आरसिसलॉग, लॉगस्टॅश आणि २०११ मध्ये फ्लुएंटडी हे संकलक आले.

मांडणी

समजा, गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा किंवा देवरी येथील एखाद्या कार्यालयाच्या सर्व्हरवरील नोंदी मुंबईच्या क्लाउड केंद्राकडे पाठवायच्या आहेत. संकलक बसवल्यावर त्याला प्रथम कोणत्या फाइल वाचायच्या हे सांगावे लागते. कोठवर वाचून झाले ते स्थान तो एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतो, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर तेथूनच वाचन पुढे चालते. त्यानंतर प्रत्येक ओळीचे वेळ, यंत्राचे नाव, तीव्रता आणि मजकूर असे भाग पाडले जातात व नको असलेल्या ओळी गाळल्या जातात.

खरी कसोटी लागते ती साठवण-रांगेपाशी, म्हणजे बफरपाशी. वनक्षेत्रातील गावांत वीज किंवा इंटरनेट जोडणी खंडित झाली, तर न पाठवलेल्या नोंदी कोठेतरी थांबाव्या लागतात. त्या केवळ स्मृतीत ठेवल्यास वीज जाताच नाहीशा होतात. म्हणून रांग डिस्कवर ठेवणे इष्ट. तिचा आकार हिशेबाने ठरवावा. दर सेकंदाला २०० बाइटच्या ५० ओळी लिहिल्या जात असतील, तर तासाला सुमारे ३६ मेगाबाइट आणि पूर्ण दिवसाला ८६४ मेगाबाइट होतात. दोन दिवसांचा खंड गृहीत धरला, तर दोन गिगाबाइट जागा पुरते. जोडणी परत आल्यावर संकलक थोड्या थोड्या अंतराने, प्रत्येक अपयशानंतर अंतर वाढवत, पुन्हा प्रयत्न करतो. पोच मिळण्यापूर्वीच जोडणी तुटली, तर तीच नोंद दोनदा जाते. हा दोष सहसा चालवून घेतात. हरवण्यापेक्षा दुबार बरी.

पाठवणी टीएलएस या सांकेतिक मार्गाने करावी. सिसलॉगच्या जुन्या यूडीपी ५१४ या मार्गावर मजकूर उघडा जातो आणि पोचल्याची हमीही नसते. टीएलएससाठी ६५१४ हा मार्गक्रमांक ठरलेला आहे. क्लाउडने दिलेल्या किल्लीला केवळ लिहिण्याचा अधिकार असावा. वाचण्याचा वा पुसण्याचा अधिकार दिल्यास सर्व्हर हाती पडलेल्या घुसखोराला क्लाउडमधील प्रतही मोकळी होते. शेवटी लिनक्सवर 'लॉगर' या आज्ञेने एक चाचणी ओळ लिहून ती क्लाउडमध्ये उमटते का हे पाहतात. त्यानंतर तार काढून, थोडा वेळ थांबून, पुन्हा जोडून पाहावी. ही दुसरी चाचणी बहुतेक जण टाळतात.

वेळेची नोंद हा वरकरणी क्षुल्लक, पण तपासात घात करणारा मुद्दा आहे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असते. पहाटे २ वाजता घडलेली घटना जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशी रात्री ८.३० ची ठरते. कालविभाग न लिहिलेल्या दोन यंत्रांच्या नोंदी एकत्र केल्यास आधीचे नंतर आणि नंतरचे आधी दिसू लागते.

भारतातील नियम

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०ब नुसार सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांनुसार नोंदी १८० दिवस जपून भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवाव्या लागतात, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. महाराष्ट्रात यासाठी देशाबाहेर पाहण्याची गरज उरलेली नाही. मायक्रोसॉफ्टचे पुणे येथील क्लाउड क्षेत्र २०१५ पासून, ॲमेझॉनचे मुंबई क्षेत्र २०१६ पासून आणि गूगलचे २०१७ पासून सुरू आहे.

धोके

लॉगमध्ये नको ते लिहिले गेले, तर संकलक तेही निमूटपणे वाहून नेतो. मे २०१८ मध्ये ट्विटरने वापरकर्त्यांना परवलीचे शब्द बदलण्याची सूचना केली, कारण ते अंतर्गत लॉगमध्ये उघड्या स्वरूपात लिहिले गेले होते. आधार क्रमांक, दूरध्वनी क्रमांक यांसारखे तपशील म्हणूनच यंत्राबाहेर जाण्यापूर्वी झाकावे लागतात; क्लाउडमध्ये पोचल्यावर सर्व प्रतींतून ते काढणे कठीण असते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदलेखन-संचात आढळलेल्या दोषाने तर नोंदीत लिहिला जाणारा मजकूरच हल्ल्याचे साधन ठरू शकतो हे दाखवले.