पर्थची मेरी, परळची नादिया

ऑस्ट्रेलियातली एखादी मुलगी अमेरिकेला गेली, तिथल्या हॉलिवूडच्या मालिकेत चमकली, अशा बातम्या आता नेहमी येतात. आज मी सांगणार आहे ती ऑस्ट्रेलियात जन्मलेलीच, पण तिनं नाव काढलं ते आपल्या मुंबईत. तेही टीव्ही घरोघरी यायच्या कितीतरी आधी.

तिचं नाव मेरी इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८, गाव पर्थ. बाप इंग्रजांच्या फौजेत, आई ग्रीक. आपल्या नदीपलीकडे कामठीची छावणी आहे ना, १८२१ पासूनची, तशाच छावण्यांमधून या गोऱ्या शिपायांचे संसार फिरत असत. मेरीही लहानपणीच बापासोबत मुंबईला आली. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात बाप मारला गेला. मायलेकी परक्या मुलखात उघड्यावर पडल्या. पुढे काही वर्षं त्या पेशावरकडे राहिल्या. तिथं पोरगी घोड्यावर बसायला शिकली, बंदूक चालवायला शिकली. ही विद्या पुढं पोट भरेल हे तेव्हा कोणाच्या मनातही नसेल.

१९२८ मध्ये ती मुंबईला परतली तेव्हा पदरी एक मुलगा होता आणि सोबत आई. कमावणारी ती एकटीच. दुकानात सामान विकायचं काम केलं. बरी नोकरी मिळावी म्हणून टायपिंग शिकायचा विचार केला. अंगानं भरलेली, तरी मॅडम अॅस्ट्रोवा नावाच्या बाईंकडे नाच शिकली आणि त्यांच्या मंडळीबरोबर छावण्या, राजेरजवाड्यांचे वाडे, लहानसहान गावं फिरली. कोलांट्या तिथंच अंगवळणी पडल्या. मग काही दिवस सर्कशीतही काढले. ‘नादिया’ हे नाव याच फिरतीच्या काळातलं. एका ज्योतिष्यानं ‘न’ अक्षर सुचवलं म्हणतात. नशीब नावानं उघडलं की कोलांट्यांनी, ते तुम्हीच ठरवा.

तेव्हा परळला जमशेद आणि होमी या वाडिया भावांचा स्टुडिओ होता, वाडिया मूव्हीटोन. (पुढं त्याच जागी शांतारामबापूंचं राजकमल उभं राहिलं.) लाहोरच्या एका थिएटरवाल्यानं नादियाची गाठ जमशेदजींशी घालून दिली. तिचे केस सोनेरी, डोळे निळे, हिंदी अडखळतं. नाव बदलून ‘नंदादेवी’ कर आणि काळ्या केसांचा टोप घाल, असं सुचवलं गेलं. तिनं साफ नाही म्हटलं. कामाची गरज असताना नाही म्हणायला काय लागतं, हे आपल्यातल्या मजुरीवर जाणाऱ्या बायांना सांगायला नको.

आधी दोन सिनेमांत लहान कामं दिली. मग १९३५ मध्ये आला ‘हंटरवाली’. राजाची लेक तोंडाला बुरखा बांधते, हाती चाबूक घेते आणि जुलमी वजिराच्या माणसांना झोडपते. सिनेमा विकत घ्यायला कोणी धजेना. बाई पुरुषांना मारते हे लोक बघतील का, ही धास्ती. शेवटी वाडियांनी स्वतःच तो लावला. तो पंचवीस आठवडे चालला. तेव्हा नादिया सत्तावीस वर्षांची, एका पोराची आई.

त्यानंतर ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करताना दिसली. कन्हान स्टेशनवरून गाडी धडधडत जाते तेव्हा तिचा टप बघा एकदा! ‘जंगल प्रिन्सेस’मध्ये समोर खरे सिंह होते. धट्टेकट्टे गडी ती खांद्यावर उचलून फेकायची. ही कामं ती स्वतःच करायची, तिच्या जागी दुसरं कोणी नसायचं. ‘डायमंड क्वीन’मध्ये तर बायांच्या शिक्षणाची, स्वातंत्र्याची भाषा तिच्या तोंडी होती.

आता माझं मत सांगते. त्या काळी आपली सावळी पोर तोकडे कपडे घालून पडद्यावर पुरुषांना बडवती, तर लोकांनी थिएटर फोडलं असतं. गोरी होती म्हणून तिला चाललं. पण देशात इंग्रजांचं राज्य असताना ही गोरी बाई जुलूम करणाऱ्यांना चाबकानं मारत होती, हे बघणाऱ्याला कळत नव्हतं असं नाही. शिकलेली मंडळी अशा सिनेमांना नाक मुरडत. स्वस्त तिकिटावर बसणारा कामगार मात्र शिट्ट्या मारत असे.

होमी वाडियांशी तिचं मन जुळलं होतं. त्यांच्या आईचा विरोध होता, म्हणून लग्न व्हायला १९६१ साल उजाडलं. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. १९६८ च्या ‘खिलाडी’त, साठीला आली असताना, ती पुन्हा पडद्यावर उतरली. १९९३ मध्ये घरातल्याच रियाद वाडिया या तरुणानं तिच्यावर माहितीपट काढला. तो परदेशातही दाखवला गेला आणि विसरलेलं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आलं. ८ जानेवारी १९९६ ला तिला अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी ती मुंबईतच वारली.