वसतिगृहाच्या उंबरठ्यापलीकडे
(विद्यार्थी-नेतृत्वाच्या जडणघडणीचा एक मागोवा)

महाविद्यालयात विद्या मिळते. परंतु माणूस घडतो तो बहुतांशी वसतिगृहात. पहाटेची घंटा, एका पंक्तीचे भोजन, कोठीचा हिशेब, आजारी सोबत्याची शुश्रूषा या साध्या गोष्टींतून जबाबदारीचे जे शिक्षण मिळते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. आपल्या समाजातील पूर्वसूरींनी हे मर्म फार लवकर ओळखले होते.

1899 साली निपाणीजवळील स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे तरुण पदवीधर तिच्या अग्रभागी होते. सभेच्या अधिवेशनांतून गावोगावचे शेतकरी, व्यापारी व विद्यार्थी एकत्र येत आणि शिक्षणाचा विचार घेऊन घरी परतत. मुंबईत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी पित्याच्या स्मरणार्थ हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या उदार आश्रयाने 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे विविध समाजांच्या वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. म्हणूनच कोल्हापूर ही वसतिगृहांची जननी मानली जाते.

या वसतिगृहांनी खेड्यातील हजारो मुलांना शिक्षणाची दारे उघडून दिली, हे ऋण मोठे आहे. तथापि इतिहासाकडे पाहताना त्यातील उणीवही प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. प्रत्येक समाजाचे वसतिगृह निराळे, पंक्ती निराळी. शेजारच्या वसतिगृहातील विद्यार्थी काय खातो, कोणत्या अडचणी सोसतो, याची गाठभेट क्वचितच होई.

ही उणीव एका विद्यार्थ्याने आपल्या आचरणातून दाखवून दिली. कुंभोज येथे 1887 साली जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, अशी गृहाधिपतींची आज्ञा झाली. भाऊरावांनी ती मानली नाही व त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. ज्या समाजाने वसतिगृहे उभारण्यात पुढाकार घेतला, त्याच समाजाच्या वसतिगृहातून हा पुत्र बाहेर पडला, ही गोष्ट आजही अंतर्मुख करणारी आहे.

परंतु भाऊरावांनी मनात कटुता जपली नाही. त्या अनुभवाचे त्यांनी कार्यात रूपांतर केले. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले आणि 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. तेथे मुलेच स्वयंपाक करीत, पाणी भरीत व शेतात राबत. मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकले. नेतृत्व म्हणजे मिरवण्याचा अधिकार नसून वाढप्याची सेवा आहे, हा संस्कार त्या पंक्तीत मुलांवर झाला.

उभ्या धाग्याला आडवा धागा मिळाल्याखेरीज वस्त्र होत नाही. एका वसतिगृहातील शिस्त हा उभा धागा होय. निरनिराळ्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांच्या भेटीगाठी हा आडवा धागा होय. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील काही महाविद्यालयांच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्यांनी 1954 साली एकत्र येऊन अशा परिषदांची परंपरा सुरू केली. प्रत्येक वसतिगृहाचे प्रतिनिधी आपले उपक्रम मांडतात, चर्चासत्रे विद्यार्थीच चालवितात आणि परतल्यावर ऐकलेले आपल्या सोबत्यांना सांगतात. आपल्याकडील अधिवेशनांच्या परंपरेशी या पद्धतीचे नाते सहज जुळणारे आहे.

अशा परिषदांची आवश्यकता आजही तितकीच आहे. छळवादी रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात 1999 साली कायदा झाला. 2009 साली विद्यापीठ अनुदान आयोगानेही कठोर विनियम केले. परंतु रात्री दहानंतर वसतिगृहाच्या ओवरीत कायदा उभा नसतो. तेथे उभा असतो ज्येष्ठ विद्यार्थी. भेदरलेल्या नवागताच्या पाठीवर हात ठेवायचा की त्याची थट्टा पाहत राहायचे, हे तोच ठरवितो. दुसऱ्या वसतिगृहाने हा प्रश्न कसा सोडविला, भोजनगृहाच्या तक्रारी कशा मिटविल्या, अभ्यासिका कशी चालविली, हे समवयस्काच्या तोंडून ऐकले म्हणजे ते अधिक पटते. सभा चालविणे, विरोधी मत शांतपणे ऐकून घेणे, खर्चाचा चोख हिशेब देणे हे गुणही तेथेच अंगी बाणतात. मात्र परिषद केवळ भाषणे, हारतुरे व छायाचित्रे यांत अडकली, तर तो निव्वळ अपव्यय ठरेल.

पूर्वजांनी इमारती उभारल्या, विद्यादानाचा दीप लावला. त्या इमारतींचे उंबरठे एकमेकांसाठी खुले करणे, हे पुढील पिढीचे कर्तव्य होय. 1908 साली एका विद्यार्थ्याला शेजारच्या वसतिगृहात गेल्याची किंमत मोजावी लागली. आज आपल्या मुलांना तेथे आपण होऊन पाठविणे, हेच त्या ऋणाचे खरे उतराई होणे ठरेल.