सुरांमागून रंग

चित्रपटाच्या कारखान्यात संगीताचा क्रमांक बहुधा शेवटचा लागतो. कथा लिहून होते, चित्रण होते, कात्री चालते, आणि मग संगीतकाराला बोलावून सांगण्यात येते की, येथून येथवर चाळीस सेकंद भरून द्या. 'पार्श्वसंगीत' हा शब्दच त्याची जागा सांगून टाकतो. आपल्याकडच्या गाण्यांची गोष्ट निराळी. ती आधी मुद्रित होतात. परंतु एखादा संपूर्ण चित्रपटच आधी वाजवला जावा आणि चित्रांनी मुकाट्याने त्याच्या मागून चालावे, असे क्वचित घडते. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९४९ साली काढलेल्या 'बिगॉन डल केअर' या चित्रपटात ते घडले. 'चिंते, चालती हो' असा या नावाचा भाव. फ्रेंचमध्ये त्याचे नाव 'रंगांची लहर' अशा अर्थाचे आहे, आणि मला तेच अधिक शोभते असे वाटते. लांबी जेमतेम आठ मिनिटांची. त्यात माणूस नाही, प्राणी नाही, गोष्ट नाही. आहेत ते केवळ रंग आणि रेषा, आणि त्यांच्यापुढे चालणारा ऑस्कर पीटर्सन यांचा पियानो.

हे संगीत जॅझ जातीचे आहे. ते ऐकून श्रोत्यांनी बिचकण्याचे कारण नाही. सी. रामचंद्र यांचा १९५१ सालचा 'अलबेला' ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या कानांवर त्याचे शिंतोडे उडालेले आहेत. 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबई गाजवणारे गोमंतकीय ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ हे रामचंद्रांच्या वाद्यमेळात होते. एक ठरलेली चाल घ्यावी आणि वाजवता वाजवता, आयत्या वेळी, ती फुलवीत न्यावी, हे जॅझचे मर्म. ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींचीच असते, पण गवई तिच्यावर तासभर इमारत रचतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कार्टूनपट आणि जॅझ यांची सोयरीक त्याआधीच जुळलेली होती. न्यूयॉर्कच्या फ्लायशर बंधूंनी १९३२ साली बेटी बूपच्या एका चित्रपटात कॅब कॅलोवे या निग्रो गायकाला आरंभी वाद्यवृंदासह प्रत्यक्ष दाखवले, आणि पुढे त्याचाच आवाज वॉलरसच्या रूपातल्या एका भुताला दिला. कॅलोवेच्या नृत्याचे चित्रण करून त्यावरून रेषा गिरवल्या होत्या. त्यामुळे त्या भुताची चाल अस्सल कॅलोवेची आहे. त्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँग यांच्यासारख्या थोर ट्रंपेटवादकाचे नुसते मस्तक आफ्रिकेच्या जंगलात रानटी मनुष्य होऊन पात्रांचा पाठलाग करताना दाखवले गेले. संगीत उत्तम आहे, चित्रकाराचा हातही चलाख आहे. तरी पाहताना मन खट्टू होते. त्या काळ्या माणसाचा सूर सर्वांना हवा होता, पण तो माणूस मात्र भूत किंवा रानटी होऊनच पडद्यावर यायचा.

पीटर्सन यांचा जन्म १९२५ सालचा, माँट्रियल शहरातला. वडील वेस्ट इंडीजमधून आलेले, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेत पोर्टर. मुलाचे एक गुरू पॉल द मार्की हे हंगेरीचे, लिस्ट या महान पियानोवादकाच्या शिष्यपरंपरेतले. घराणे म्हणतात ते असेही एका खंडातून दुसऱ्या खंडात जाते! १९४९ साली हा तरुण माँट्रियलच्या अल्बर्टा लाउंजमध्ये वाजवीत असे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तो वाजवून आला आणि जगाला त्याचे नाव कळले.

चित्रपट काढणारे नॉर्मन मॅक्लॅरेन हे स्कॉटलंडचे, १९१४ साली जन्मलेले. फिल्म बोर्डाची कचेरी तेव्हा ऑटावात होती. तेथून ते माँट्रियलला गेले आणि पीटर्सन यांच्याशेजारी काही दिवस बसले. येथे लय वाढवा, येथे काही क्षण थांबा, अशा सूचना चित्रकाराने कराव्यात. वादकाने त्यावर चार निरनिराळे तुकडे वाजवून दाखवावेत, आणि त्यांतला एखादा ऐकताच चित्रकाराला एखादी नवीच आकृती सुचावी, असा तो व्यवहार होता. कोण कोणाला सांगत होता हे ठरवणे कठीण. शेवटी तीन भाग सिद्ध झाले: पहिला जलद, मधला संथ आणि तिसरा अतिद्रुत. बासवर ऑस्टिन रॉबर्ट्स आणि ड्रमवर क्लॅरेन्स जोन्स यांची साथ होती.

ध्वनिमुद्रण झाल्यावर खरी तपश्चर्या सुरू झाली. एका सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे आठ मिनिटांना अकरा हजारांवर. ध्वनिपट्टी यंत्रावर पुनःपुन्हा फिरवून कोणता ठोका कोणत्या चौकटीवर पडतो ते टिपून घेण्यात आले. कॅमेरा वापरलाच नाही. मॅक्लॅरेन आणि त्यांच्या सहकारी इव्हलिन लॅम्बर्ट यांनी कोरी फिल्म लांब मेजावर पसरली आणि तिच्यावर थेट रंग भरले. दोन्ही अंगांनी भरले; ओल्या रंगावर जाळीदार कापड दाबले, लेसचे ठसे उमटवले, टोकदार हत्याराने ओरखडे काढले. ओल्या रंगावर धूळ पडली की कणाभोवतीचा रंग सरकून वर्तुळ उमटते, हे पाहून त्यांनी धूळही कामाला लावली. फिल्मवर धूळ बसणे म्हणजे एरवी केवढा अपराध! मधल्या संथ भागात हे सारे वैभव आवरून घेतले आहे. काळ्या फिल्मवर खरवडलेल्या काही बारीक उभ्या रेषा, एवढेच तेथे दिसते. पियानोचा एकेक सूर पडतो आणि त्या रेषा थरथरतात. मला सगळ्या चित्रपटात हाच भाग सर्वांत आवडतो.

आता एक कारकुनी शंका. हा चित्रपट खाजगी कंपनीने काढलेला नव्हे. फिल्म बोर्ड हे सरकारी खाते. मी स्वतः सरकारी नोकरीत वीस वर्षे घालवली आहेत. याच्या मंजुरीची टिप्पणी माझ्या मेजावर आली असती, तर 'उद्देश' या शब्दापुढे मी काय लिहिले असते ते मला सांगता येत नाही. शिवाय साल कोणते, तर १९४९. बोर्डात साम्यवादी माणसे शिरली आहेत असा गवगवा झाला होता. संरक्षण खात्याने आपले काम बोर्डाकडे सोपवण्याचे थांबवले होते. बोर्डाचे आयुक्त रॉस मॅकलीन यांना पुन्हा नेमण्यात आले नाही, आणि १९५० साली त्यांच्या जागी आर्थर अर्विन आले. मॅक्लॅरेन यांनी तर १९३६ साली यादवी युद्धातल्या माद्रिदला जाऊन प्रजासत्ताकाच्या बाजूच्या चित्रपटासाठी कॅमेरा चालवलेला. अशा वेळी, कोणताही उपयोग सांगता न येणारी ही आठ मिनिटे कोणा अधिकाऱ्याने सहीनिशी पुढे जाऊ दिली. त्या सहीबद्दल मला आदर वाटतो. संशयाच्या दिवसांत आपल्या वर्गाचा माणूस सहसा फाईल 'चर्चा करावी' असा शेरा मारून परत पाठवतो.

मॅक्लॅरेन १९५२-५३ च्या सुमारास युनेस्कोच्या कामासाठी भारतातही येऊन गेले. पुढे १९५७ साली क्लोद झुत्रा यांच्यासह त्यांनी 'अ चेअरी टेल' हा चित्रपट केला. खुर्ची माणसाला बसू देत नाही. अखेर माणूस तिला आपल्यावर बसू देतो, तेव्हा ती राजी होते, एवढीच त्याची कथा. याचे संगीत पंडित रविशंकर आणि तबलावादक चतुरलाल यांचे आहे. रविशंकर त्याआधी, १९५६ पर्यंत, दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रावर संगीत-दिग्दर्शक होते, हे जुन्या श्रोत्यांना स्मरत असेल. या खेपेला क्रम नेहमीचा होता. चित्र आधी तयार झाले आणि सतार त्याच्या मागून आली. तरी खुर्ची रुसते तेव्हा सतार तिची बाजू घेते, आणि माणूस धावू लागला की तबला त्याच्या पावलापुढे अर्धी मात्रा असतो.