शरीरातील घड्याळाचा शोध



लाजाळूचे रोप आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. हात लावला की त्याची पाने मिटतात, आणि दिवस मावळला की कोणी न शिवताही मिटतात. या साध्या रोपापासून आरोग्यशास्त्रातील एका मोठ्या शोधाची सुरुवात झाली. ती हकीकत मी येथे थोडक्यात सांगते.

1729 साली फ्रान्समधील दे मेराँ या खगोलशास्त्रज्ञाने असे एक रोप अंधारात ठेवले. ऊन मिळत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत. रोपाला सूर्य न दिसताही जाणवतो, अशी तेव्हा समजूत झाली. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांनाही दिवस-रात्र अशीच जाणवते, असा उल्लेख त्या वेळच्या टिपणात आहे. पुढे 1832 साली द कांदोल यांना आढळले की, सतत प्रकाशात ठेवलेल्या लाजाळूचा ‘दिवस’ 22 ते 23 तासांचाच होतो. सूर्याच्या चालीवर पाने हलत असती, तर 24 तास भरले असते. म्हणजे घड्याळ रोपाच्या आतच होते.

मग माणसाचे काय? 1938 साली अमेरिकेत क्लाइटमन व रिचर्डसन हे दोघे केंटकीतील मॅमथ गुहेत 32 दिवस राहिले. त्यांनी 28 तासांचा दिवस धरून झोपण्या-उठण्याचा क्रम लावला. तरुण रिचर्डसनच्या शरीराने तो मानला. क्लाइटमन तेव्हा 43 वर्षांचे होते. त्यांच्या शरीराची उष्णता मात्र 24 तासांच्याच क्रमाने चढत-उतरत राहिली. 1962 साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच तरुण घड्याळ न घेता एका थंडगार गुहेत दोन महिने राहिला. 14 सप्टेंबरला तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्टच होता! मन दिवस मोजण्यात चुकले. परंतु झोपण्या-उठण्याचा त्याचा फेरा 24 तासांहून थोडाच मोठा होता.

आपल्याकडे आयुर्वेदाने दिनचर्येला पूर्वीपासून महत्त्व दिले आहे. तथापि हे घड्याळ शरीरात कोठे असते, हे 1972 साली उंदरांवरील प्रयोगांतून कळले. मेंदूच्या तळाशी पेशींचे दोन लहान पुंजके असतात. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडाने ते रोज जुळवले जातात. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते, ते हॉल, रॉसबॅश व यंग यांनी फळांवरील चिलटांच्या अभ्यासातून दाखविले. त्यांना 2017 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या घरी या. याच घड्याळानुसार झोप येते, रक्तदाब चढतो-उतरतो, अन्न पचते. तेच जेवण उशिरा रात्री घेतले, तर रक्तातील साखर सकाळपेक्षा जास्त चढते. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकार अधिक आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली, आणि पुन्हा 2019 साली, रात्रपाळीची गणना कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली. यात घाबरण्यासारखे नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही.

आपल्या वस्तीत कोणाची सून परिचारिका आहे, कोणाचा मुलगा पहारेकरी आहे. ही माणसे सकाळी दमून येतात आणि बाहेर उजेड असल्यामुळे त्यांना गाढ झोप लागत नाही. मुलगा झोपला तर आपण म्हणतो, “बिचारा रात्रभर जागला.” सून झोपली तर म्हणतो, “दुपारपर्यंत लोळते.” हा अन्याय आहे. तिचे शरीर आधीच घड्याळाविरुद्ध झगडत असते. त्यात भांडी, धुणे आणि आपले टोमणे यांची भर नको.

म्हणून माझी सर्व भगिनींना विनंती आहे. अशा घरी खिडकीला जाड पडदा लावावा, झोपणाऱ्याचे दार वाजवू नये, रेडिओ हळू ठेवावा. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत कर्णा लावताना शेजारी कोण झोपले आहे, याची आधी चौकशी करावी. शक्य तेथे रात्रीचे जेवणही सर्वांनी थोडे लवकर उरकावे. एवढे तर आपल्या हातचे आहे.